पहाऱ्याची वाट : कॅजविथ ते लिझर्ड

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे आणि कॉर्नवॉलच्या दक्षिणेला लिझर्डचं द्वीपकल्प. तिथल्या कॅजविथ या कोळीवाड्यापासून लिझर्डच्या टोकापर्यंत कड्यावरून जाणारी पायवाट सहा किलोमीटरच्या आसपास भरते. शेतांमधून सरळ गेलं तर अंतर बरंच कमी होतं. तरीही ही वाट प्रत्येक घळीत उतरते, पुन्हा चढते आणि प्रत्येक सुळक्याच्या टोकापर्यंत जाऊन मागे वळते. असा वळसा देखाव्यासाठी कोणी घातलेला नाही. ही वाट पहारेकऱ्यांची आहे. वरून खालचा प्रत्येक किनारा दिसला पाहिजे, हेच तिच्या आखणीमागचं कारण.

पहिला पहारा माशांसाठी होता. कॅजविथच्या कड्यावर अजूनही टेहळणीची एक लहानशी काळी खोपटी उभी आहे. उन्हाळा सरता सरता पिल्चर्डचे, म्हणजे आपल्या तारलीच्या भाईबंदांचे, थवे किनाऱ्याजवळ येत. पाण्यावर लालसर-जांभळी छाया सरकताना दिसली की वर बसलेला ‘ह्युअर’ कर्ण्यातून आरोळी ठोकायचा. मग दोन्ही हातांतल्या झुडपांच्या जुड्या हलवून तो खालच्या होड्यांना जाळं कुठे आणि कसं टाकायचं ते दाखवायचा. होडीतून थवा दिसत नाही, उंचावरूनच दिसतो, म्हणून सगळी भिस्त या एका माणसावर असायची. मासळी मिठात मुरवून, दाबून तेल काढून पिंपांत भरायची आणि तिचा मोठा भाग इटलीला जायचा, असा हा व्यापार होता.

वाट सलग झाली ती मात्र चोरट्या व्यापारामुळे. 18व्या शतकात ब्रिटनमध्ये परदेशी दारू, तंबाखू आणि चहा यांवर जबर कर होता. 1784 मध्ये चहावरचा कर 12.5 टक्क्यांवर आणला गेला, त्याआधी तो 119 टक्के होता. एवढी तफावत असल्यावर फ्रान्सकडून रात्री येणारा माल आडोशाच्या किनाऱ्यांवर उतरणारच. घोडेस्वार जकात अधिकारी 1698 पासून नेमलेले होते, पण घोडा कड्याच्या कडेने चालत नाही आणि इतक्या मोठ्या किनाऱ्याला मूठभर माणसं पुरत नाहीत. 1809 मध्ये होड्यांतून गस्त घालणारं प्रिव्हेंटिव्ह वॉटर गार्ड उभं राहिलं. 1822 मध्ये ही वेगवेगळी दलं एकत्र करून कोस्टगार्ड झालं. पायी गस्तीची शिस्त तिथून पक्की झाली. कोस्टगार्डच्या माणसांना मुद्दाम परमुलखात नेमत, कारण स्थानिक माणूस आपल्याच मेव्हण्याला पकडणार नाही, हे सरकार ओळखून होतं. त्यामुळे गावात त्यांना कोणी घर देईना. सरकारने त्यांच्यासाठी बांधलेल्या एकसारख्या घरांच्या रांगा या किनाऱ्यावर जागोजागी दिसतात, त्या यामुळेच.

कॅजविथमधून दक्षिणेला चढून गेलं की थोड्याच वेळात ‘डेव्हिल्स फ्राइंग पॅन’ लागतं. समुद्राने पोखरलेल्या गुहेचं छत 1868 मध्ये कोसळलं. आता तिथे खोल खड्डा आहे आणि समुद्राकडच्या बाजूला दगडी कमान शिल्लक आहे. भरती आणि वारा एकत्र आले की आतलं पाणी उकळल्यासारखं दिसतं. इथे फोटोसाठी कडेला जाण्याचा मोह आवरावा. गवताचा थर खालच्या मातीच्या पुढे लोंबत असतो, वरून जमीन भक्कम वाटते आणि खाली काहीच नसतं. निदान दोन-तीन पावलं आतच राहावं.

1856 मध्ये कोस्टगार्ड नौदलाकडे गेलं. जकातही घटत गेल्याने चोरट्या मालाचा प्रश्न मागे पडला. पण लिझर्डच्या टोकाला तोवर दुसऱ्या पहाऱ्यांची गरज निर्माण झाली होती. अटलांटिक ओलांडून येणाऱ्या जहाजांना बहुधा इंग्लंडची पहिली जमीन दिसायची ती लिझर्डची. चर्च कोव्ह आणि किलकॉबेनचं लाइफबोट स्टेशन मागे टाकलं की बास पॉइंट येतो. तिथे 1872 मध्ये फॉलमथच्या फॉक्स कंपनीने बांधलेलं सिग्नल स्टेशन आहे. ही बुरुजासारखी पांढरी इमारत आहे आणि समुद्राकडच्या भिंतीवर ठळक अक्षरांत ‘लॉइड्स सिग्नल स्टेशन’ असं लिहिलेलं आहे (लॉइड्स म्हणजे लंडनची जहाजविम्याची संस्था). जहाज निशाणं फडकवून आपली ओळख सांगायचं, इथून लंडनला तार जायची. माल कुठल्या बंदरात उतरवायचा हा मालकाचा हुकूम उलट निशाणांनी जहाजाला मिळायचा. जहाजाला त्यासाठी फॉलमथ बंदरात शिरायची गरज उरली नाही.

पुढे थोड्याच अंतरावर मार्कोनीची साधी लाकडी खोली आहे. 23 जानेवारी 1901 रोजी आइल ऑफ वाइट या बेटावरून निघालेला बिनतारी संदेश इथे पकडला गेला. अंतर 186 मैल होतं. रेडिओलहरी क्षितिजापलीकडे पोचतात, याचा भरवसा यातून आला. त्याच वर्षीच्या 12 डिसेंबरला, इथून जवळच्या पोल्डूहून, अटलांटिकपार संदेश गेला. या वाटेवर कुठे निवांत थांबायचं असेल, तर ती जागा हीच.

दीपगृहाचा इतिहास त्याहून जुना आहे. 1619 मध्ये सर जॉन किलिग्रू यांनी इथे दिवा लावला, तेव्हा गावकरी बिथरले. फुटलेल्या जहाजांतून वाहून येणारा माल त्यांना देवाचा प्रसाद वाटायचा आणि दिव्यामुळे तो बंद होणार होता. तो दिवा फार काळ टिकला नाही. आजचे दोन मनोरे 1751 चे आहेत.

दिवा असूनही 17 मार्च 1907 च्या धुक्यात ऑस्ट्रेलियाहून येणारं ‘सुएव्हिक’ हे जहाज टोकासमोरच्या खडकांवर चढलं. लिझर्ड, कॅजविथ, कव्हरॅक आणि पोर्थलेव्हन इथल्या लाइफबोटींनी वल्ही मारत 456 जणांना वाचवलं. ब्रिटिश लाइफबोट संस्थेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुटका आहे.

कड्यावरच्या वाटा सर्वांना खुल्या करण्याचा कायदेशीर रस्ता 1949 च्या राष्ट्रीय उद्यान कायद्याने मोकळा झाला. आपली ही वाट ज्या लांब किनारवाटेचा तुकडा आहे, त्या साउथ वेस्ट कोस्ट पाथचा कॉर्नवॉलमधला भाग 1973 मध्ये अधिकृतपणे सुरू झाला आणि 630 मैलांची सगळी वाट 1978 मध्ये. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने 1965 पासून किनाऱ्याची जमीन विकत घेण्याची मोहीम चालवली नसती, तर यातली बरीच टोकं हॉटेलं आणि बंगल्यांनी अडवली असती, असं आमचं मत आहे.

पहारा तिथेच संपला नाही. खर्चकपातीत कोस्टगार्डची टेहळणीची ठाणी बंद झाली आणि अशाच एका बंद ठाण्याखाली दोन मच्छीमार बुडाले. त्यानंतर 1994 मध्ये नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशनचं पहिलं ठाणं बास पॉइंटवर स्वयंसेवकांनी उघडलं. 2002 मध्ये चफ या लाल चोचीच्या कावळ्याने कॉर्नवॉलमध्ये अनेक दशकांनी पुन्हा पिल्लं काढली तीही लिझर्डवरच. अंडीचोरांपासून त्या घरट्याला सांभाळायला स्वयंसेवकांनी रात्रंदिवस राखण केली. पक्षी टिकला तो चराईमुळेही. गुरांनी गवत आखूड ठेवलं तरच त्याला मातीतले किडे सापडतात. म्हणून वाटेवर गुरं आडवी आली तर त्यांना हाकलू नये, बाजूने जावं.

चालणाऱ्याला खरा दगा देतो तो इथला सर्पेंटाइन दगड. हिरव्या-तांबड्या रंगाचा हा दगड गडगे ओलांडायच्या पायऱ्यांना वापरलेला आहे आणि पावलांनी घासून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. पाऊस किंवा दव असताना खोल खाचांच्या तळव्याचा बूटही त्यावर घसरतो. पाऊल पायरीच्या मधोमध न टाकता कडेच्या खडबडीत भागावर टाकावं, एक हात गडग्याला ठेवावा आणि उतरताना तोंड पायरीकडे करून उतरावं. थांबत, बघत जायचं तर अडीच तास हाताशी ठेवावेत. लिझर्ड गाव टोकापासून साधारण एक किलोमीटर आत आहे आणि हेल्स्टनकडे जाणारी बस तिथून सुटते.