समुद्राकडे पाठ फिरवणारी कोयना

साताऱ्याजवळच्या बामणोलीहून लाँच सुटली की तासा-दीड तासात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय अरुंद होत जातो आणि दोन्ही काठांना जंगल येऊन भिडते. वनखात्याकडे नोंद करायची, अंजनी-जांभळांच्या गर्द सावलीतून वासोटा किल्ला चढायचा आणि बाबू कड्यापाशी थांबायचे. समोर तुटलेला कातळ, खाली कोकण. पाठीमागे कोयनेचे खोरे.

समुद्र पश्चिमेला इतका जवळ असताना कोयना तिकडे का उतरत नाही? महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीच्या धारेला समांतर साठेक किलोमीटर दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पठाराचा एकूण उतारच पूर्वेकडे असल्याने तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. कोकणातल्या नद्या मात्र आखूड आणि भन्नाट उताराच्या. त्या पायथ्याकडून कडा कोरत राहतात आणि सह्याद्रीची धार हळूहळू पूर्वेला सरकते. लाखो वर्षांत एखादी नदी कोयनेचे पाणी पळवूही शकली असती. ते काम माणसाने बोगदे खणून काही वर्षांत केले. धरणाचे पाणी डोंगरापलीकडे पोफळीला पडते, वीज देते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते.

या पाण्याने जमिनीच्या पोटातही फरक घडवला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप सुमारे 6.3 तीव्रतेचा होता. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातला हा सर्वांत मोठा ज्ञात भूकंप मानला जातो. खडकांतल्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब वाढला की आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगांच्या, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या तड्यांच्या, दोन्ही बाजूंची एकमेकांवरची पकड ढिली होते. ताण मुळातलाच, पाणी फक्त निमित्त. छोटे धक्के इथे आजही बसतात.

1985 साली खोऱ्याचा हा भाग अभयारण्य झाला, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आला. मला यातले जंगलाचे रोजचे काम अधिक मोलाचे वाटते. नवजा-महाबळेश्वर भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. मुळे आणि पालापाचोळा तो मार झेलतात, म्हणून माती डोंगरावर टिकते आणि जलाशयात गाळ कमी येतो.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. काही गावे धरणाने बुडवली, काही अभयारण्यासाठी उठली. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवलीही उठले. तिथल्या ओढ्याकाठी मारुती अजून उभा आहे.