पेट्रा: कोरड्या शहराला पुराचं भय

दक्षिण जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहराच्या परिसरात वर्षाकाठी जेमतेम 100 ते 150 मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही इथे माणसं मरतात ती पुरात. हा थोडका पाऊस काही तासांतच कोसळतो. डोंगर उघडे, माती पातळ. पाणी मुरायला जागाच नसते. ते थेट वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात उतरतं. 1963 साली असा लोंढा शहरात नेणाऱ्या सीक या सव्वा किलोमीटर लांबीच्या घळीत शिरला आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. घळ काही ठिकाणी तीनच मीटर रुंद आहे, पळणार कुठे? डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस असेल, तर आत जाऊ नये.

पेट्रा उभारणाऱ्या नबातियन लोकांना हे दोन हजार वर्षांपूर्वीच कळलं होतं. सीकच्या तोंडाशी बांध घालून आणि खडकात सुमारे 88 मीटरचा बोगदा खोदून त्यांनी लोंढा शेजारच्या दरीत वळवला. पुढे बांधाची निगा राहिली नाही. आजचा बांध 1963 नंतरचा.

प्यायचं पाणी ऐन मूसा झऱ्यातून येई. सीकमध्ये शिरताना डाव्या कड्यात पन्हळ कोरलेली दिसते, उजवीकडे खापरी नळांची जागा. नळ तुडुंब भरून वाहिला तर दाबाने सांधे गळतात, म्हणून उतार असा राखायचा की वर थोडी हवा उरावी. गाळ बसायला मध्ये कुंड्या. झऱ्याचं पाणी चुनखडीतलं, त्यामुळे नळात आतून चुन्याचे थर चढतात. पन्हळ खरवडता येते, नळ नाही. पावसाचं पाणी मात्र खडकात खोदलेल्या, आतून गिलावा केलेल्या टाक्यांत साठे.

लेण्यांच्या माथ्यावरही चर आहेत, कोरीव कामावर ओघळ येऊ नयेत म्हणून. ते बुजले की वालुकाश्म पाणी शोषतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याचे स्फटिक वाढून दगडाचे कण सुटे करतात. पायथ्याशी ओल जमिनीतून चढते, म्हणून खालचे खांब जास्त झिजलेले दिसतात. दोष वाऱ्याला देण्याची पद्धत आहे, पण तो बहुतेक वेळा सुटलेले कणच उडवत असतो. अशा दगडावर सिमेंट थापणं वाईटच: त्यातले क्षार दगडात उतरतात आणि ओल आत कोंडते. आधी माथ्यावरचे चर मोकळे करावे लागतात.