काराकोरमचे जुने स्थलनिर्देशक नकाशे

काश्मीर, बाल्टिस्तान आणि शिन्च्यांग यांच्या सीमेवरील हिमनद्यांच्या प्रदेशाचे हे नकाशे मुख्यतः भारतीय सर्वेक्षण खात्याने, काही मोहिमांनी काढले. त्यांतली शिखरे बिनचूक असतात. शिखरांमधल्या जमिनीवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

काश्मीरची मोजणी 1855 मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी काश्मीरमधल्या हरमुख शिखरावरून सर्वेक्षक टी. जी. माँटगोमेरी यांनी सुमारे 200 किमी. दूरची दोन शिखरे वेधून के1, के2 अशी नोंदवली. दूरचे शिखर अनेक ठाण्यांवरून थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने वेधता येते. म्हणूनच के2 ची 28,250 फूट ही जुनी उंची आजच्या 8,611 मी.शी जुळते. दऱ्या मात्र प्लेन टेबलावर उतरवल्या जात: फळीवर कागद ताणायचा, तीन ज्ञात शिखरांवरून स्वतःची जागा काढायची, मग वेधपट्टी फिरवत दिसेल ते रेखाटायचे. सर्वेक्षक गॉडविन-ऑस्टिन यांनी 1861 मध्ये बाल्टोरो हिमनदीचा नकाशा याच रीतीने काढला. हिमनदीच्या पात्रातून कडेच्या धारांपलीकडचे काही दिसत नाही, त्यामुळे उगमाकडचा भाग बराचसा अंदाजाने भरला जाई. कॉर्निस हिमनदीला बाहेर पडायला वाटच नाही, हे अमेरिकी गिर्यारोहक वर्कमन दांपत्याचे म्हणणे 1937 मध्ये गिर्यारोहक टिलमन यांनी खोडून काढले. काराकोरमच्या उत्तरेकडील शक्सगाम खोऱ्याच्या 1926 च्या मोहिमेत सर्वेक्षक केनेथ मेसन यांनी जोडछायाचित्रांवरून, म्हणजे दोन जागांवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्यांवरून, मोजणी केली. तिथून पुढे अंदाज कमी झाला, संपला नाही.

नकाशाचे पत्रक वाचताना आधी रेषा पाहाव्यात. अखंड समोच्च रेषा मोजणीच्या. तुटक आकाररेषा नजरेने काढलेल्या, त्यांवरून चढाचे गणित करू नये. सर्वेक्षण खात्याचे के2 भोवतालचे 52 ए हे पत्रक एक अंश रुंद, एक अंश उंच. प्रमाण एका इंचाला चार मैल. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकांवर मद्रास वेधशाळेचे जुने रेखांश धरलेले असतात. त्यांतून अंशाची सुमारे अडीच मिनिटे वजा न केल्यास या अक्षांशावर सगळे पावणेचार किलोमीटर पूर्वेला सरकते. अमेरिकी लष्कराच्या यू502 मालिकेत (1:2,50,000) पत्रकाची कड 76° 30′ वर येते आणि के2 तिच्या किंचित पूर्वेला. शिखराच्या दोन्ही बाजू पाहायच्या तर दोन पत्रके जोडावी लागतात.

छापलेल्या सीमारेषेला पुरावा मानू नये. भारत-पाकिस्तानच्या 1949 च्या करारातली युद्धविराम रेषा एनजे9842 या बिंदूपुढे 'उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत' एवढ्यावरच थांबते. तरीही पुढे काही अमेरिकी नकाशांनी ती थेट काराकोरम खिंडीपर्यंत ओढली, म्हणजे सियाचीन पाकिस्तानच्या बाजूला दाखवला.