लीडरशिपच्या तीन स्टाइल्स आल्या कुठून?

टीनएजर्सचं लीडरशिप वर्कशॉप म्हटलं की हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळं सोडणारी अशा तीन स्टाइल्स शिकवतातच, पण त्या आल्या कुठून हे मुलांना क्वचितच सांगतात, आणि मला तर खरी शिकण्यासारखी गोष्ट तीच वाटते.

मुलांच्या हातात जबाबदारी द्यायची कल्पना तशी जुनी. १९०७ ला इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या कॅम्पमध्ये स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने मुलांच्या छोट्या तुकड्या पाडून प्रत्येकीला एक मुलगाच लीडर दिला होता. पण लीडर बदलला की गटाचं काय होतं हे नीट तपासलं ते कुर्ट लेविनने. हा ज्यू मानसशास्त्रज्ञ, १९३३ मध्ये नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेला, त्यामुळे हुकूमशहामागे लोक कसे वागतात हा प्रश्न त्याच्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता.

१९३८ च्या आसपास आयोवा विद्यापीठात त्याने रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासोबत दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे पाच-पाच जणांचे क्लब बनवले, मुखवटे वगैरे करायचे. हुकमी लीडर एकेक स्टेप सांगायचा, पुढची काय ते कुणालाच माहीत नाही, मग तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, काही मुलं एकमेकांवर खेकसायची, एखाद्यालाच टार्गेट करायची, तर काही गट एकदम चिडीचूप. लोकशाही गटात लीडर नसला तरी काम चालू राहायचं. आणि लीडर बदलला की तीच मुलं वेगळी वागायची! ‘हा पोरगाच तसा आहे’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

तिसरी स्टाइल तर ठरवलेलीच नव्हती. व्हाइट लोकशाही पद्धतीने गट चालवायला गेला, झालं नुसतं मोकळं सोडणं, ते लक्षात आल्यावर त्याचाच वेगळा अभ्यास केला.

पुढे १९५४ ला मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमातल्या कॅम्पमध्ये मुलांचे दोन गट आधी भिडवले, मग सगळ्यांना मिळूनच सोडवता येतील अशा अडचणी देऊन जवळ आणले. आज हे कुणी करू देणार नाही आणि ते बरोबरच आहे.

अशा वर्कशॉपमध्ये गेम झाल्यावर गोल करून चर्चा करतात त्याचं मूळ मात्र लेविनच्याच १९४६ च्या अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या वर्कशॉपमध्ये. संध्याकाळी संशोधक गटांबद्दल बोलत बसायचे, तिथे काही शिकणारेही येऊन बसले आणि ‘असं झालंच नाही’ म्हणून वाद घालायला लागले, लेविनने तो वाद होऊ दिला आणि फीडबॅकची पद्धत तिथून रुजली. वेळ कमी पडला की आयोजक नेमका हाच भाग उडवतात, ते मला अजिबात पटत नाही.