कोर्टातल्या दाव्याची नोंद कशी शोधायची : सीएनआर, रोजनामा आणि खरी नक्कल

सातबारा स्वच्छ असतो, फेरफारही जुळतात, खरेदीखत होते. आणि चार महिन्यांनी कळते की विकणाऱ्याच्या बहिणीने वाटपाचा दावा आधीच लावून ठेवला होता. असा फटका बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कोर्टाची नोंद पाहिलेलीच नसते. खरे तर जिल्हा आणि तालुका कोर्टांतल्या प्रकरणांची नोंद ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या सरकारी संकेतस्थळावर आणि त्याच नावाच्या मोबाइल ॲपवर कोणालाही फुकट पाहता येते. लॉगिन लागत नाही, वकीलपत्र लागत नाही, तुम्ही पक्षकार असण्याचीही अट नाही. पात्रतेचा प्रश्न येतो तो पुढे, शिक्क्याची नक्कल मागताना.

सीएनआर हातात असेल तर

प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक मिळतो. संकेतस्थळावरचाच नमुना घ्या : एमएचएयू०१९९९९९९२०१५. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक त्या कोर्टाच्या आस्थापनेचे, सहा अंक अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. अक्षरे इंग्रजी लिपीत टाकायची, मध्ये जागा किंवा रेघ नको. चूक बहुधा एकाच ठिकाणी होते : शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकला जातो. पाचव्या स्थानापासून पुढे बहुतेक ठिकाणी अंकच असतात, हे लक्षात ठेवले की पुरे.

अनुक्रमाचे हे सहा अंक म्हणजे दाव्याचा क्रमांक नव्हे. समन्सवर ‘रे.मु.नं. २१४/२०२१’ असेल तर सीएनआरमध्ये २१४ शोधत बसू नका, ते तिथे नसतील. सीएनआरचा मोठा फायदा असा की न्यायाधीश बदलले, कोर्टाची खोली बदलली, तरी तो तोच राहतो. एकदा सापडला की वहीत लिहून ठेवा. स्मार्टफोन नसेल तर एसएमएसची सोय आहे : इंग्रजीत ‘ईकोर्ट्स’ हा शब्द सलग, एक जागा सोडून सीएनआर, आणि तो संदेश ९७६६८९९८९९ वर.

सीएनआर नसेल तर

‘केस स्टेटस’ उघडा. राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल अशी तीन निवड करावी लागते. निम्मे शोध इथेच फसतात. पुणे जिल्हा निवडला की पुणे, बारामती, जुन्नर, इंदापूर अशी संकुले वेगवेगळी येतात. एका संकुलात शोधले म्हणजे जिल्हा शोधला असे होत नाही. शिवाय तालुक्यातल्या जमिनीचा मोठ्या रकमेचा दावा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात असतो आणि ते न्यायालय कधी शेजारच्या तालुक्याच्या गावी भरते. अपील जिल्हा न्यायालयात. म्हणून जमीन ज्या तालुक्यात, तो तालुका, वरिष्ठ स्तर जिथे असेल ते ठिकाण आणि जिल्ह्याचे ठिकाण, ही तिन्ही संकुले पाहावीत.

मुंबईत तर जिल्ह्यांच्या यादीतच फाटे फुटतात. शहर दिवाणी न्यायालय, लघुवाद न्यायालय, मुख्य महानगर दंडाधिकारी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. भाडेकरूचा वाद शहर दिवाणी न्यायालयात शोधून उपयोग नाही, तो लघुवादला मिळेल. कौटुंबिक न्यायालये, औद्योगिक व कामगार न्यायालये आणि सहकार अपील न्यायालय यांचीही नावे याच यादीत वेगळी दिसतात. गोव्यातल्या प्रकरणांसाठी राज्यच गोवा निवडायचे. तिथेही पुढे जिल्हा निवडावा लागतो.

संकुल ठरल्यावर पक्षकाराचे नाव, केस क्रमांक, दाखल क्रमांक, वकिलाचे नाव, एफआयआर, कायदा, प्रकाराचे नाव असे पर्याय येतात. सर्वात जास्त वापर नावाचा होतो, आणि सर्वात जास्त चुका त्यातच होतात.

नाव किमान तीन अक्षरांचे हवे आणि नोंदणीचे वर्ष द्यावेच लागते. म्हणजे गेल्या बारा वर्षांचा शोध घ्यायचा तर बारा वेळा शोधायचे. दुसरा रस्ता नाही. चालू, निकाली की दोन्ही असे विचारले जाते तेव्हा ‘दोन्ही’ निवडा. निकाली निघालेल्या दाव्यावर अपील किंवा दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचे प्रकरण) चालू असू शकते. डिसेंबरात दाखल झालेला दावा त्रुटी दूर होऊन जानेवारीत नोंदला गेला तर वर्ष पुढचे लागते, म्हणून एक वर्ष मागे-पुढे पाहावेच.

नावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने जसे भरले तसेच राहते. जाधव हे आडनाव पश्चिम महाराष्ट्रात शेवटी ‘व्ही’ लावून लिहितात, विदर्भात ‘ओ’ लावून. वाघ कुठे ‘डब्ल्यू’ने सुरू होतो, कुठे ‘व्ही’ने. विठ्ठलमध्ये ‘टी’ एक की दोन, लक्ष्मणमध्ये ‘एक्स’ की ‘के-एस-एच’, याला नियम नाही. पूर्ण तिहेरी नाव टाकून काही आले नाही तर केवळ पहिले नाव टाका, मग केवळ आडनाव, मग आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे. यादी लांब येईल, पण नजरेखालून घालता येते. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणी-आत्यांची माहेर आणि सासर अशी दोन्ही नावे शोधा. वाटपाच्या दाव्यात वादी बहुधा त्याच असतात.

गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक टाकून शोधण्याची सोय इथे नाही. जमिनीसाठी शोध घ्यायचा तर सातबाऱ्यावरची सगळी नावे, आठ-अ आणि वारसाच्या फेरफारातली नावे यांची आधी यादी करा आणि एकेक नाव चालवा. जोडीला नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये ‘लिस पेंडन्स’ची नोटीस पाहा. मिळकतीवर दावा प्रलंबित असल्याची ही नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असू शकते. पण दावा लावून नोटीस न नोंदवणारे पुष्कळ असतात. त्यामुळे नोटीस नाही म्हणजे दावा नाही असे धरू नका. दोन्ही ठिकाणी पाहा.

क्रमांकाची भाषा

नोटिशीवर मराठी संक्षेप असतो आणि संकेतस्थळाच्या यादीत इंग्रजी. रे.मु.नं. म्हणजे आर.सी.एस., नियमित दिवाणी दावा. स्पे.मु.नं. म्हणजे विशेष दिवाणी दावा. आर.सी.सी. हा नियमित फौजदारी खटला आणि एस.सी.सी. हा संक्षिप्त फौजदारी. चेक न वटल्याची प्रकरणे बहुधा यात सापडतात. आर.सी.ए. हे दिवाणी अपील, दरखास्त ही हुकूमनाम्याची, म्हणजे निकालावर निघालेल्या आदेशाची, अंमलबजावणी. वारस दाखल्याचा अर्ज दिवाणी किरकोळ अर्जांत असतो. दाव्याचा प्रकार चुकीचा निवडला तर बरोबर क्रमांक टाकूनही भलत्याच माणसाचे प्रकरण उघडते, म्हणून नावे जुळतात का ते आधी बघा.

फौजदारीत एफआयआर क्रमांक, वर्ष आणि पोलीस ठाणे देऊन शोधता येते. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत खटल्याला क्रमांक पडत नाही. तोवर मिळालाच तर जामीन अर्ज मिळतो. काही न दिसण्याचा अर्थ गुन्हा मिटला असा होत नाही.

पान उघडल्यावर काय वाचायचे

वरच्या भागात नोंदणीची तारीख, पुढची तारीख, टप्पा आणि कोर्ट असते. खाली पक्षकार, त्यांचे वकील, लागू कायदे, आणि त्याखाली तारखांचा इतिहास. खरा माल या इतिहासात आहे. प्रत्येक तारखेवर दाबले की त्या दिवशी काय झाले ते उघडते. कोर्टात ज्याला रोजनामा म्हणतात त्याचे हे संक्षिप्त रूप. ‘वादी गैरहजर’, ‘प्रतिवादीने म्हणणे दिले’, ‘निशाणी ५ वर युक्तिवाद ऐकला’ अशा एका ओळीत प्रकरणाची तब्येत कळते.

निशाणी म्हणजे फाईलमधल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक. निशाणी ५ हा शब्द दिसला की थांबा. आपल्याकडे तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा याच निशाणीला असतो. मिळकत विकत घेणाऱ्याने त्यावरचा आदेश वाचल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नये. आदेश पानाच्या तळाशी पीडीएफमध्ये असतो.

टप्प्यांपैकी ‘अनरेडी’ म्हणजे दावा अजून पुराव्याला तयार नाही : कुणाला समन्स लागलेले नाही, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आलेली नाही किंवा वादाचे मुद्दे निघालेले नाहीत. ‘सुप्त’ फाईल फौजदारीत, आरोपी सापडत नसेल तेव्हा. ती संपलेली नसते, आरोपी मिळाला की पुन्हा उठते. ‘डिस्पोज्ड’ या शब्दावर तर कधीच विसंबू नका. त्याच्या शेजारी निकालाचा प्रकार लिहिलेला असतो. गैरहजेरीत काढून टाकलेला दावा पुन्हा दाखल करून घेता येतो, तडजोड झाली असेल तर तिच्या अटी वाचाव्या लागतात, आणि दुसऱ्या कोर्टात वर्ग झालेले प्रकरण तिथे नव्या क्रमांकाने चालूच असते.

पुढची तारीख संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चढते. न्यायाधीश रजेवर असले की सगळे बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पुढे जाते आणि संकेतस्थळ थोडे मागे राहते. म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी ‘कॉज लिस्ट’मध्ये त्या कोर्टाचे बोर्ड पाहून घ्या.

इथे जे मिळणार नाही

तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी यांच्याकडची महसुली प्रकरणे ई-कोर्ट्सवर नाहीत. फेरफारावरची हरकत किंवा रस्त्याचा वाद त्या कार्यालयात विचारावा. ग्राहक आयोगाचे पोर्टल वेगळे. उच्च न्यायालयाचा शोध स्वतंत्र आहे आणि तिथे खंडपीठ निवडावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाल्याने कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पक्षकारांनी तेही पाहावे. लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि वैवाहिक प्रकरणे बंद दाराआड चालतात, त्यामुळे अशा प्रकरणांचे तपशील किंवा आदेश दिसले नाहीत तर तो बिघाड नव्हे.

संगणकीकरणाआधी निकाली निघालेल्या दाव्यांसाठी कोर्टातल्या दावा नोंदवहीलाच हात घालावा लागतो. वर्ष आणि एका पक्षकाराचे नाव तरी नक्की हवे. जुन्या प्रकरणांतले कागद वर्गवारीप्रमाणे ठरावीक काळाने नष्ट होतात, पण निवाडा आणि हुकूमनामा इतर कागदांपेक्षा जास्त काळ जपतात. वाडवडिलांच्या वाटपाचा शोध घेणाऱ्यांनी म्हणून आधी हुकूमनामाच मागावा.

खरी नक्कल : कोणाला, कशी

संकेतस्थळावरून छापलेला कागद माहितीपुरता. बँक, तलाठी, दुय्यम निबंधक किंवा वरचे कोर्ट यांना शिक्का आणि सहीची नक्कल लागते. ती त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात मिळते.

पक्षकाराला किंवा त्याच्या वकिलाला साध्या अर्जावर नक्कल मिळते. पक्षकार नसलेल्याने आपल्याला ती का हवी याचे कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागते आणि कोर्टाची परवानगी लागते. दावा चालू असताना ही परवानगी सहज मिळत नाही. दुसऱ्याने हजर केलेले दस्त तर त्याच्या संमतीशिवाय मिळणे अवघडच. माहिती अधिकारात अर्ज करून ही वाट वळसा घालून चालता येत नाही : कोर्टाच्या नियमांत नकलेची सोय असेल तर त्याच मार्गाने जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अर्जावर प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, पक्षकारांची नावे, कोर्ट, निकालाची तारीख आणि नेमका कागद लिहा. ‘सर्व कागदपत्रे’ असे लिहिलेला अर्ज परत येतो किंवा रखडतो. ‘निशाणी १ दावा, निशाणी ५ वरील आदेश, ता. अमुकपासून तमुकपर्यंतचा रोजनामा’ असे लिहिले तर कारकुनाला फाईल उघडून थेट पान काढता येते. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची, दुसऱ्याला पाठवत असाल तर अधिकारपत्र द्यायचे. नकलेचा खर्च पानांवर ठरतो आणि तो भरायला सांगितल्यावर लगेच भरा. न भरलेला अर्ज तिथेच पडून राहतो. अडेल तिथे कोर्टाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात विचारा.

अपील करायचे असेल तर नकलेवरच्या तारखा जपून ठेवा. मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल मिळवायला लागलेला काळ मुदतीतून वगळतात. समजा १० जूनला निकाल लागला आणि जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आहे; म्हणजे १० जुलै. तुम्ही १५ जूनला अर्ज केला आणि नक्कल २८ जूनला तयार झाली, तर हे चौदा दिवस वगळून मुदत २४ जुलैपर्यंत जाते. पण तयार झालेली नक्कल तुम्ही ५ जुलैला आणायला गेलात, तर २८ जूननंतरचे दिवस तुमच्याच खात्यात मोजले जातात. अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख शिक्क्यात भरलेली आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधीच पाहून घ्या.