तर्री न सांगता पडते

नागपुरात महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेत सहा जुने संगणक आहेत. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 काही या यंत्रांवर चढेना. मग डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक मोफत प्रकार, टाकायचं ठरलं. इन्स्टॉल होताना शेवटाकडे, पडद्यावरची मांडणी कोणती हवी त्याची एक यादी येते: ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन वगैरे. त्यात ग्नोमपुढे आधीच खूण केलेली असते. मी एंटर दाबलं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा परीक्षेवाला एक मुलगा आला. "सर, विंडो खाली काऊन नाही जाऊन राहिली?" बघतो तर कोपऱ्यात नुसती फुली. 2011 मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून मिनिमाईजचं बटण मूळ मांडणीत नाहीच. परत आणता येतं, पण ते ज्याला ठाऊक आहे तो मला विचारायला कशाला येईल?

लिनक्समध्ये आतलं इंजिन वेगळं आणि समोर दिसणारं घर वेगळं. पट्टी, मेनू, खिडक्या, फाइली उघडायची सोय, सेटिंग या सगळ्याला मिळून डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. केडीई 1996 मध्ये सुरू झालं. ते ज्या क्यूटी नावाच्या साहित्यावर उभं होतं त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून 1997 मध्ये ग्नोम निघालं. आज घरं पुष्कळ आहेत आणि इंजिन तेच आहे. आधीची खूण कुणापुढे ठेवायची, एवढाच वाद.

एवढ्याशा खुणेवरून वाद कशाला, असं वाटेल. पण नागपुरात पोहे मागितले की वर तर्री पडतेच. नको असेल तर आधी सांगावं लागतं, आणि सांगणारे थोडे. 2003 मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी अवयवदानाचे आकडे मांडले होते. जर्मनीत स्वतःहून होकार द्यावा लागे, तिथे संमती सुमारे 12 टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार कळवला नाही तर होकार धरत, तिथे 99 टक्क्यांच्या वर.

म्हणूनच "जास्त लोक काय वापरतात ते मोजा आणि तेच ठेवा" हा उपाय मला पटत नाही. डेबियनकडे अशी मोजणी आहे. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच यंत्रांवरची पॅकेजं त्यात मोजली जातात. पण खूण ग्नोमपुढे असेल तर ग्नोमचा आकडा फुगणारच. तर्री किती ताटांत पडली यावरून ती किती जणांनी मागितली हे कसं कळणार?

डेबियनने स्वतः दोनदा मन बदललं. 2012 मध्ये ग्नोम इन्स्टॉलच्या पहिल्या सीडीत मावेना, म्हणून खूण एक्सएफसीईकडे गेली, मग परत आली. पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा एक्सएफसीई झालं आणि सप्टेंबर 2014 मध्ये पुन्हा ग्नोम. त्या वेळच्या कारणांत एक मोठं कारण दृष्टिहीनांच्या सोयीचं होतं.

आमच्या यंत्रांसाठी माझा कल मात्र त्या मुलाच्या प्रश्नानंतर एक्सएफसीईकडेच होता. ग्नोम नुसतं उघडून ठेवलं तरी एक जीबीच्या आसपास मेमरी घेतं, एक्सएफसीईचं साधारण निम्म्यात भागतं. शिवाय ग्नोमची हरेक हालचाल ग्राफिक्स चिपकडून रंगवून घेतली जाते. जुन्या चिपचा ड्रायव्हर मिळाला नाही तर ते ओझं प्रोसेसरवर येतं आणि पंखा घरघरायला लागतो. मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, कूलरसमोरही ती यंत्रं चटके देतात. सहाही संगणकांवर मी एक्सएफसीई टाकलं. मिनिमाईजचं बटण आलं, मुलं खूश.

मग एक मुलगी आली, जिला दिसत नाही. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम एक्सएफसीईतही चालतो, पण आमच्याकडे लॉगिनच्या पडद्यावरच तो गप्प. त्या एका यंत्रात दुसऱ्याची रॅम काढून घातली आणि ग्नोम परत टाकलं. ऑल्ट, सुपर (म्हणजे विंडोजच्या खुणेचं बटण) आणि एस एकदम दाबलं की ऑर्का बोलू लागतो. मराठी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तिने सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग वाढवला, आणखी वाढवला, इतका की शेजारी उभ्या असलेल्या आम्हाला एक शब्द कळेना. ती मात्र बातम्या वाचत होती.