‘सर, एक मिनिट थांबा’

ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टरने सर्जनला टोकावं का, या प्रश्नाचा इतिहास गंमत म्हणजे एका विमानतळावर सुरू होतो.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीचं जम्बो विमान धावपट्टीवरून सुटलं. समोर पॅन अ‍ॅमचं विमान अजून असावं, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कप्तान म्हणजे कंपनीतल्या वैमानिकांना शिकवणारा बडा माणूस. त्याने ठामपणे ‘गेलंय ते’ असं सांगितलं आणि इंजिनिअर गप्प बसला. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. ‘साहेबांना कसं सांगायचं’ हा संकोच आपल्याकडचाच आहे, असं समजण्याचं कारण नाही.

विमान क्षेत्राने यातून लवकर धडा घेतला. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा भरवली आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्स कनिष्ठांना बोलायला आणि कप्तानांना ऐकायला शिकवू लागली.

वैद्यकाला उशीर लागला. पुरावा नव्हता असंही नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या १३ मोठ्या रुग्णालयांच्या आयसीयूंमधल्या ५,०३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण किती गंभीर होते ते हिशेबात धरूनही, एका ठिकाणी ६९ मृत्यू अपेक्षित असताना ४१ झाले, तर दुसरीकडे अपेक्षेपेक्षा ५८ टक्के जास्त. हा फरक महागड्या उपचारांशी किंवा कॉलेजच्या नावाशी तितकासा जुळेना. जुळला तो डॉक्टर आणि सिस्टर यांच्यातल्या ताळमेळाशी. तरी हा विषय चव्हाट्यावर यायला १९९९ उजाडलं. अमेरिकेत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावतात, असा अंदाज तेव्हा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने मांडला.

मग अमेरिकेतलंच मिशिगन राज्य. तिथल्या आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी, टाकताना पाळायच्या गोष्टी जुन्याच होत्या: हात धुणं, निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतून लाइन न टाकणं, गरज संपली की ती काढणं. नवं होतं ते वेगळंच. डॉक्टरने यातलं काही गाळलं, तर तिथेच काम थांबवण्याचा अधिकार सिस्टरला मिळाला. २००६ मध्ये १०३ आयसीयूंचे आकडे आले. दर हजार लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणं म्हणजे एक लाइन-दिवस) रक्तातल्या संसर्गाचं मध्यक प्रमाण २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची चेकलिस्ट काढली, ती अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली. गवांदे अमेरिकेत जन्मलेले सर्जन, त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. या यादीत १९ बाबी. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्ण ऑपरेशन थिएटरमधून (ओटी) बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं. मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजणं, अँटिबायोटिक वेळेवर देणं हे त्यात आहेच, पण मला महत्त्वाची वाटते ती भलतीच साधी बाब: प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे अडचण दिसली तर बोलण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार. दिल्ली, मनिला, लंडन, टांझानियातलं इफाकारा अशा आठ ठिकाणी ती वापरून पाहिली. २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि मोठी गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली.

इथे गोष्ट गोड संपायला हवी होती. पण कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सरकारने अशा यादीच्या वापराचे अहवाल जाहीर करणं रुग्णालयांना सक्तीचं केलं. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचे आकडे तपासले, तर मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने न मोजण्याइतका फरक. वापराचे अहवाल मात्र जवळपास शंभर टक्के! फॉर्म भरून फाइलला लावण्याची कला फक्त आपल्याच दप्तरांत आहे असं नाही.

याउलट, अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी आधी माणसं एकत्र बसवली. सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, टेक्निशियन सगळ्यांना येता यावं म्हणून त्या दिवशी ओटीची कामं बंद ठेवली आणि पुढे वर्षभर फोनवरून पाठपुरावा केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षण झालेल्या ७४ ठिकाणी वार्षिक मृत्युदर १८ टक्क्यांनी घटला होता. न झालेल्या ३४ ठिकाणी घट ७ टक्के होती.